मराठवाड्यातून अंटार्क्टिकाला: अर्जापासून बर्फाचे नमुने लॅबमध्ये पोचेपर्यंत

अंटार्क्टिकाच्या मोहिमेत हातचं काम जातं ते बहुधा किरकोळ गोष्टींपायी. बाटलीवरचं लेबल सुटून येतं, डेटा लॉगरची (मोजमापं आपोआप नोंदवणाऱ्या यंत्राची) बॅटरी दोन तासांत बसते, जाड हातमोज्यातून स्क्रू फिरत नाही. तिथे दुकान नाही, कुरिअर नाही आणि पुढचं जहाज वर्षभराने. यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट संभाजीनगर, लातूर, परभणी किंवा नांदेडला बसून आधी तपासता येते, म्हणून या लेखात घरच्या तयारीला जास्त जागा दिली आहे. पर्यटक म्हणून जहाजाने जाऊन येणाऱ्यांसाठी हा लेख नाही. संशोधक, विद्यार्थी आणि स्टेशनवर तांत्रिक काम करू इच्छिणाऱ्यांसाठी आहे.

दार कोणतं?

भारताच्या ध्रुवीय मोहिमा गोव्यात वास्को-द-गामा इथल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रामार्फत जातात. हे केंद्र पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. पहिली भारतीय मोहीम डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली १९८१-८२ मध्ये गेली. दक्षिण गंगोत्री हे पहिलं स्टेशन बर्फाखाली गाडलं गेलं. आज दोन स्टेशनं चालू आहेत: शिरमाखर ओअॅसिस या बर्फ नसलेल्या खडकाळ पट्ट्यातलं मैत्री (१९८९) आणि लार्समन टेकड्यांवरचं भारती (२०१२). दोन्हींमध्ये सुमारे ३,००० किलोमीटरचं अंतर आहे, त्यामुळे प्रस्तावात ‘अंटार्क्टिका’ एवढंच लिहून भागत नाही. मैत्री समुद्रापासून शंभरेक किलोमीटर आत, गोड्या पाण्याच्या तलावाकाठी आहे. भारती समुद्राला लागून आहे. समुद्री बर्फावर काम करायचं असेल तर भारती, तळी आणि बर्फाच्या चादरीची कड अभ्यासायची असेल तर मैत्री.

आत शिरायच्या वाटा दोन. पहिली संशोधन प्रस्तावाची. केंद्र प्रस्ताव मागवतं तेव्हा विद्यापीठातला किंवा संस्थेतला नियमित प्राध्यापक अथवा शास्त्रज्ञ प्रमुख संशोधक म्हणून अर्ज करतो आणि पीएचडीचा विद्यार्थी त्या प्रकल्पातून जातो. म्हणजे विद्यार्थ्याने आधी मार्गदर्शक गाठायचा. दुसरी वाट तांत्रिक कर्मचाऱ्यांची. डिझेल मेकॅनिक, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, क्रेन ऑपरेटर, सुतार, स्वयंपाकी, नर्स, डॉक्टर अशी पदं केंद्र जाहिरात देऊन कराराने भरतं. वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांत जनरेटर आणि जड वाहनं सांभाळलेल्या आयटीआय झालेल्या माणसाची तिथे खरी गरज असते. जनरेटर बंद पडला तर सगळं विज्ञान बंद पडतं. मराठवाड्यात ही दुसरी वाट फार कमी लोकांना ठाऊक आहे, याचं वाईट वाटतं.

मुलींना पाठवतात का, हा प्रश्न अजूनही कॉलेजांत विचारला जातो. नागपूरच्या डॉ. अदिती पंत आणि भूवैज्ञानिक डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता १९८३-८४ च्या मोहिमेतच जाऊन आल्या आहेत.

प्रस्ताव लिहिताना तीन प्रश्नांची उत्तरं पहिल्याच पानावर द्या: हे काम तिथेच जाऊन का करायचं, किती दिवस आणि किती माणसं लागतील, आणि किती किलो सामान जाईल व किती किलो परत येईल. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक प्रस्तावांत नसतं. हेलिकॉप्टर, गाड्या आणि फ्रीझरची जागा मोजकी असल्यामुळे जो आकडे देतो त्याचं नियोजन सोपं होतं. भूविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना एक सांगावंसं वाटतं. आपला बहुतेक मराठवाडा बेसॉल्टवर बसलेला आहे आणि शिरमाखर नाइस खडकांचा, म्हणजे उष्णता आणि दाबाने बदललेल्या पट्टेदार खडकांचा आहे. नाइस ओळखण्याचा, त्याच्या घड्या मोजण्याचा सराव नांदेड जिल्ह्यात देगलूर-बिलोलीकडे होतो. तिथे बेसॉल्ट संपून जुने ग्रॅनाइट-नाइस उघडे पडलेले आहेत.

शिवाय २०२२ च्या भारतीय अंटार्क्टिक कायद्याप्रमाणे परवाना लागतो. परवान्यात जेवढे आणि जे नमुने लिहिले आहेत तेवढेच घ्यायचे. आवडला म्हणून उचललेला एक दगडही त्याबाहेर जातो.

उत्तर ध्रुवाकडची वाट वेगळी. स्वालबार्डमधल्या न्यू-ऑलेसुंडला २००८ पासून आपलं हिमाद्री स्टेशन आहे. तिथे जाणाऱ्यांचा एक घोटाळा ठरलेला असतो: स्वालबार्ड नॉर्वेचं असलं तरी शेंगेन क्षेत्राबाहेर, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाबाहेर येतं. नॉर्वेतून तिकडे गेलात की तुम्ही शेंगेन सोडलं आणि परतताना पुन्हा प्रवेश करता, म्हणून व्हिसा किमान दोन प्रवेशांचा हवा. गावात वायफाय आणि ब्लूटूथ बंद ठेवावं लागतं, कारण तिथल्या रेडिओ दुर्बिणींना त्याचा अडथळा होतो. तुमचा सेन्सर ब्लूटूथवर चालत असेल तर तो केबलवर आणूनच न्या. गावाबाहेर पांढऱ्या अस्वलांचा धोका असल्याने प्रशिक्षण आणि बंदोबस्ताशिवाय पाऊल टाकायचं नाही.

शरीर आणि घरची कागदपत्रं

उन्हाळी चमू साधारण नोव्हेंबर ते मार्च असतो. हिवाळी चमू वर्षाहून जास्त काळ राहतो. मैत्रीवर मे महिन्याच्या अखेरीपासून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य उगवत नाही आणि हिवाळ्यात आजारी माणसाला बाहेर काढणं जवळजवळ अशक्य असतं. मैत्रीच्याच शेजारी असलेल्या नोवोलाझारेव्स्काया या रशियन स्टेशनवर १९६१ साली डॉ. लिओनिद रोगोझोव यांना स्वतःचं अपेंडिक्स स्वतःच कापून काढावं लागलं. स्टेशनवर दुसरा डॉक्टर नव्हता. म्हणून वैद्यकीय तपासणी कडक असते, हिवाळी चमूची मानसिक चाचणीही होते. त्यानंतर उत्तराखंडातल्या औली इथे भारत-तिबेट सीमा पोलिसांच्या संस्थेत बर्फावरचं प्रशिक्षण होतं.

दातांची तपासणी सहा महिने आधी करा. अर्धवट भरलेली दाढ थंड हवेत ठणकायला लागते आणि तिथे दंतवैद्य नसतो. चष्मा असेल तर दोन जोड्या, प्लास्टिकच्या फ्रेमच्या. धातूची फ्रेम गालाला चिकटते.

व्यायामात जुनं टायर ओढणं सर्वांत उपयोगी. गाडीचं आठ-दहा किलोचं टायर, कमरेला रुंद पट्टा, मध्ये तीन मीटर दोरी, आणि शेताकडेचा कच्चा रस्ता. आठवड्यातून तीनदा, अर्ध्या तासापासून सुरुवात. स्लेज ओढताना कंबर आणि मांड्यांवर जो ताण येतो तोच इथे येतो. मार्च ते जून हे उजाडायच्या आत उरकायचं. मराठवाड्यातल्या ४२ अंशांत टायर ओढलंत तर औलीच्या आधी दवाखाना गाठाल. त्याच्या जोडीला फावड्याने खड्डा खणा. तिथलं निम्मं क्षेत्रकाम म्हणजे खणणंच आहे.

हिवाळी चमूतल्यांनी घरचं निस्तरून निघावं. विश्वासातल्या माणसाच्या नावे मुखत्यारपत्र, बँकेचं केवायसी, विम्याचे हप्ते, आयकराचं विवरण, आणि शेती असेल तर पीककर्जाचं नवं-जुनं कोण करणार हे लिहून ठेवा. उपग्रहावरून बोलणं होतं, पण तिथून सोसायटीच्या कागदावर सही करता येत नाही.

उणे वीसची चाचणी, इथेच

आता मुख्य काम. आइस्क्रीम ठेवायचा साधा आडवा डीप फ्रीझर उणे १८ ते उणे २० अंशांपर्यंत जातो. अंटार्क्टिकातल्या उन्हाळी कामासाठी हीच चाचणी-खोली. महिनाभर भाड्याने घ्या किंवा विभागातला घ्या. जीवशास्त्राच्या लॅबमधला उणे ८० चा फ्रीझर यासाठी वापरू नका. ते तापमान बहुतेक उपकरणांच्या मर्यादेपलीकडचं असतं, त्यात चांगलं उपकरणही बिघडेल आणि तुम्हाला काहीच कळणार नाही.

उपकरण चालू स्थितीत, बॅटरी आणि केबलसकट, रात्रभर म्हणजे किमान बारा तास ठेवा. लॉगर असेल तर बॅटरीचा व्होल्टेज दर तासाला नोंदवायला लावा. सकाळी फ्रीझरमध्येच हात घालून, तुम्ही तिथे घालणार तेच हातमोजे घालून, ते वापरून बघा. बटणं दाबली जातात का, मेमरी कार्ड निघतं का, झाकणाची चाप तुटते का. पडदा उशिरा बदलतोय असं वाटेल. एलसीडी थंडीत आळसावतो, तो बिघाड नसतो. टचस्क्रीन मात्र जाड मोज्याला बहुधा दाद देत नाही, म्हणून सगळी सेटिंग्ज आधीच करून ठेवावी लागतात.

केबल वाकवून बघा. साधी पीव्हीसीची केबल थंडीत काडीसारखी ताठ होते आणि वाकवली की तडकते. सिलिकॉनच्या आवरणाची केबल घ्या. चिकटपट्टी गोठली की तिचा चिकटपणा जातो, स्टिकरची लेबलं गळून पडतात. बॉलपेन आणि जेलपेन लिहीत नाही. दवाच्या थरावर मार्कर उमटत नाही. उपाय जुनाच: पेन्सिल, जलरोधक कागदाची वही, आणि प्रत्येक बाटलीवर घरीच, कोरड्या हवेत लिहिलेला क्रमांक. झाकणावर आणि अंगावर दोन्हीकडे. नुसता झाकणावर लिहिलात तर दोन झाकणं अदलाबदल झाली की दोन नमुने गेले.

बॅटऱ्यांबद्दल थोडं सविस्तर, कारण सर्वांत जास्त डेटा इथेच बुडतो. लिथियम-आयन बॅटरी थंडीत कमी वीज देते, गरम झाली की उरलेली परत मिळते. पण शून्याखाली ती चार्ज करायची नाही. चार्ज करताना लिथियम आतल्या प्लेटवर धातू म्हणून साचतं, क्षमता कायमची घटते आणि आतून शॉर्ट होण्याचा धोका राहतो. सौर पॅनेलला थेट लिथियम-आयन जोडून बाहेर ठेवलेली यंत्रणा याच कारणाने पहिल्याच हंगामात मरते. बाहेर वर्षभर ठेवायच्या यंत्राला सीलबंद शिसे-आम्ल बॅटरी बरी, मात्र ती कधीही रिकामी होऊ द्यायची नाही. पूर्ण चार्ज असेल तर तिच्यातलं आम्ल उणे ५० लाही गोठत नाही. रिकामी झाली की आत जवळपास पाणीच उरतं, उणे दहाच्या आसपास ते गोठतं आणि डबा फुटतो. हातातल्या छोट्या उपकरणांना चार्ज न होणारे लिथियम एए सेल घ्या, ते उणे ४० पर्यंत चालतात. अल्कलाइन सेल घरी ठेवा. फ्रीझरमध्ये जेवढे तास मिळाले त्याच्या दुप्पट बॅटऱ्या न्यायच्या, हा आमचा हिशेब.

फ्रीझरमधून उपकरण काढलं की लगेच उघडू नका. आपली दमट हवा त्यावर पाणी होऊन बसते. आत असतानाच झिपच्या पिशवीत घालून हवा दाबून काढा, पिशवी बंद करून बाहेर आणा आणि दोन-तीन तास तशीच ठेवा. पाणी पिशवीच्या बाहेरून जमेल. स्टेशनवर रोज संध्याकाळी हेच करायचं आहे, म्हणून हाताला आत्ताच वळण लावा. जुलै-ऑगस्टच्या पावसाळी हवेत ही चाचणी केलीत तर चूक लगेच दिसते.

सगळ्या झिपांना बोटभर दोरी बांधा. छोटे स्क्रू काढून विंग नट, म्हणजे बोटांनी फिरवता येणारे कानवाले नट बसवा. फावडं आणि तिपाई यांच्या धातूवर जिथे हात पडतो तिथे कापडी टेप गुंडाळा. गाठींचा सरावही हातमोजे घालून: आठाची गाठ आणि प्रुसिक (दोरीवर ताण आला की आवळणारी गाठ), डोळे मिटून पडायला हव्यात.

होकायंत्राची एक गंमत इथे कळत नाही, तिथे कळते. भारतात विकलं जाणारं होकायंत्र आपल्याकडच्या चुंबकीय कलाप्रमाणे, म्हणजे सुई जेवढी खाली झुकते त्याप्रमाणे तोललेलं असतं. दक्षिणेकडे कल वाढतो, सुईचं एक टोक खाली झुकून तबकडीला घासतं आणि सुई अडकते. दक्षिण विभागासाठी तोललेलं किंवा सगळीकडे चालणारं होकायंत्र घ्या, आणि जीपीएससोबत वापरा.

कपडे आणि कुसळं

मोहिमेचे जड कपडे मिळतात, आतले आपले असतात. नियम एकच: अंगाला सूत लावायचं नाही. सुती बनियन, सुती मोजे, गळ्यातला गमछा हे सगळं घरी. सूत घाम धरून ठेवतं आणि ओलं कापड अंगातली उष्णता भराभर ओढून घेतं. आतून मेरिनो लोकर किंवा पॉलिस्टर, त्यावर फ्लीस, सर्वांत वर वारा अडवणारं जॅकेट. पिसांचं जाड जॅकेट थांबल्यावर घालायचं. ते घालून खणायला लागलात तर दहा मिनिटांत घामाने भिजाल आणि पुढचे चार तास कुडकुडत काढाल. काम सुरू करताना थोडी थंडी वाजत असावी.

वाऱ्याचा हिशेब पाठ असू द्या. उणे १० अंश आणि ताशी ३० किलोमीटर वारा असेल तर उघड्या कातडीला ते उणे २० सारखं लागतं. उणे २० आणि ४० किलोमीटर असेल तर उणे ३४. परभणीच्या डिसेंबरातल्या पाच-सहा अंशांची सवय इथे फारशी उपयोगी नाही.

बूट एक नंबर मोठे. बोटं आत हलायला हवीत. घट्ट बुटात दोन जाड मोजे कोंबले की रक्तप्रवाह दबतो आणि पाय आणखी गार पडतो. रात्री बुटातलं नमद्याचं अस्तर काढून वाळवा. हातात पातळ आतले मोजे आणि वर पिशवीसारखे मिटन, मिटनला मनगटाची दोरी. वाऱ्यात उडालेलं मिटन परत मिळत नाही. अंगठी, कडं, नथ, कानातलं काढून ठेवा. काळा चष्मा चौथ्या श्रेणीचा, बाजूने झाकलेला. बर्फ बहुतेक अतिनील किरणं वर परतवतं, म्हणून सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या आतल्या कडेलाही लावतात. बर्फांधळेपणा सहा-बारा तासांनी लक्षात येतो, तोवर उशीर झालेला असतो.

आता मराठवाड्यातल्या माणसाने विशेष जपायची गोष्ट. माळरानावर, बांधावर वापरलेले बूट, सॅक आणि पँट यांत कुसळं, गोखरू, गाजरगवताचं बी अडकलेलं असतं. अंटार्क्टिकात परकं बी नेणं कायद्याने बंद आहे आणि ते योग्यच आहे. पोआ अॅन्युआ हे साधं गवत माणसांसोबत जाऊन किंग जॉर्ज बेटावर रुजलेलं आहे. टायर ओढायला आणि खड्डे खणायला वापरलेलं सामान शक्यतो नेऊच नका. न्यायचंच असेल तर खिसे उलटे करून व्हॅक्यूमने साफ करा, वेल्क्रोच्या हुकांतून सुईने एकेक कुसळ काढा, बुटाच्या तळव्यातली काळी माती ब्रशने धुऊन काढा, मग जंतुनाशकात बुडवून वाळवा. भिंगाखाली वेल्क्रो बघितल्याशिवाय साफ झालं म्हणू नका. पॅकिंगमध्ये थर्मोकोलचे मणी चालत नाहीत, तेही अंटार्क्टिकाच्या पर्यावरणासाठी झालेल्या माद्रिद कराराने बंद आहेत.

खाऊ नेताना भाजलेला, कुटलेला न्या. शेंगदाणा-गूळ-तुपाचा लाडू हे क्षेत्रकामाचं उत्तम अन्न आहे, पण गोठल्यावर दात पाडेल इतका घट्ट होतो. सुपारीएवढे लाडू वळा आणि आतल्या खिशात ठेवा.

बर्फावर चालणं आणि राहणं

केपटाऊनहून विमान किंवा जहाज, तिथून पुढे स्टेशन. बर्फावर पिस्टनबुली (रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालणाऱ्या) गाड्या स्लेज ओढतात. त्यांचे नियम मोहिमेचा प्रमुख सांगेल आणि ते निमूटपणे पाळायचे. एकट्याने बाहेर जायचं नाही. जाताना फलकावर नाव, दिशा आणि परतायची वेळ लिहायची. रेडिओची ठरलेली वेळ चुकवायची नाही. एक वेळ चुकली की तुमच्यासाठी दुसरी माणसं वाऱ्यात बाहेर पडतात.

हिमभेगांच्या भागात दोरीने बांधून, दोघांत १० ते १५ मीटर ठेवून, भेगेला काटकोनात ओलांडतात. पुढचा माणूस काठी खुपसत जातो. काठी अचानक सहज आत गेली की खाली पोकळी. बर्फाचे पूल दुपारी मऊ पडतात, म्हणून चोवीस तास उजेड असताना रात्रीच्या वेळी प्रवास करणं सुरक्षित. सगळं पांढरं होऊन जमीन-आभाळ एक झालं तर थांबायचं. पुढे जायचा मोह याच वेळी जीव घेतो.

तंबूत बर्फ वितळवून पाणी करायला माणशी रोज २०० ते २५० मिलिलिटर इंधन धरा. भांड्याच्या तळाला आधी थोडं पाणी हवं. कोरडा बर्फ टाकला तर तळ जळतो आणि पाण्याला करपट वास येतो. स्टोव्ह पेटवताना तंबूचं वरचं तोंड उघडं. वारा आत येतो म्हणून ते बंद करणारा माणूस कार्बन मोनॉक्साइडला बोलावतो. अमेरिकन संशोधक रिचर्ड बर्ड १९३४ मध्ये एकट्याच्या झोपडीत याच वायूने मरता मरता वाचले.

सोबत्याच्या चेहऱ्यावर लक्ष ठेवा. नाकाच्या शेंड्यावर किंवा गालावर पांढरट, मेणचट डाग आणि तिथे संवेदना नाही, तर हिमदंश सुरू झाला. चोळायचं नाही, बर्फ तर अजिबात नाही. उबदार तळवा टेकवा, आडोशाला न्या. खोल हिमदंश ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात १५ ते ३० मिनिटं धरतात, तेही पुन्हा गोठणार नाही याची खात्री असेल तरच. माणूस अडखळायला, बरळायला, चिडायला लागला तर त्याचं अंग आतून थंड होत आहे. कुडकुडणं थांबलं आणि तो ‘आता बरं वाटतंय’ म्हणाला तर प्रकरण गंभीर आहे. कोरडे कपडे, गोड गरम पेय तो नीट गिळू शकत असेल तरच, दारू नाही, आणि आडवा ठेवूनच हलवायचं.

बर्फाचा खड्डा: एक पूर्ण काम

नमुन्यासाठी दीड मीटर खोल, मीटरभर रुंद, दोन मीटर लांब खड्डा धरू. हे तीन घनमीटर झाले, म्हणजे टनाच्या आसपास बर्फ. तीन माणसं आणि चार-पाच तास.

जागा स्टेशनपासून काही किलोमीटर दूर, गाडीपासून किमान २०० मीटर, वारा जिकडून येतो त्या बाजूला. इंजिन बंद. दिशा ठरवताना आपली सवय फसवते. मराठवाड्यात हिवाळ्यातला सूर्य दक्षिणेकडून जातो, तिथे दुपारी तो उत्तरेला असतो. म्हणून मोजायची भिंत खड्ड्याच्या उत्तर बाजूची, तोंड दक्षिणेला. तिच्यावर ऊन येत नाही. पण मध्यरात्री सूर्य दक्षिणेला फिरतो, तेव्हा हे काम दुपारच्याच तासांत आटोपायचं. त्या भिंतीच्या वरच्या पृष्ठभागावर पाय ठेवायचा नाही आणि उपसलेला बर्फ तिकडे टाकायचा नाही. वाऱ्याने तो परत भिंतीवर येईल अशा जागीही नाही.

धातूच्या फावड्याने खणून झालं की आतला माणूस पांढरा टायव्हेक सूट (धूळ-तंतू न सोडणारा संरक्षक पोशाख), तोंडावर मास्क आणि उबदार मोज्यांवर नायट्राइलचे स्वच्छ मोजे घालतो. स्वच्छ प्लास्टिकच्या खुरपीने भिंत आणखी २० ते ३० सेंटिमीटर आत तासायची. फावड्याने मळलेला भाग एवढाच असतो.

सर्वांत आधी तापमान, कारण भिंत उघडली की ती हवेच्या तापमानाकडे सरकू लागते. पट्टीचा शून्य पृष्ठभागावर, दर दहा सेंटिमीटरवर तापमापी दहा सेंटिमीटर आत आडवी खुपसायची, आकडा स्थिर होऊ द्यायचा. तापमापी निघण्याआधी वितळत्या बर्फाच्या पाण्यात शून्याला तपासलेली हवी. मग थर लिहायचे: खोली, कणांचा आकार मिलिमीटरच्या जाळीवर भिंगाने, आणि घट्टपणा. मूठ आत जाते, चार बोटं जातात, एक बोट, पेन्सिल, की फक्त सुरी. बर्फाची चकाकती पातळ पट्टी दिसली तर ती वेगळी नोंदवा, एखाद्या उन्हाळ्यात वितळून गोठल्याची ती खूण असू शकते.

घनतेसाठी १०० घन सेंटिमीटरचा कटर. त्यात ३६ ग्रॅम बर्फ भरला तर घनता ३६० किलो प्रति घनमीटर, आणि असा दहा सेंटिमीटरचा थर म्हणजे ३६ मिलिमीटर पाणी. आपल्याकडे पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतात, तोच हिशेब. वजनकाटा वाऱ्यात नाचतो. त्याला खोक्यात ठेवा आणि दर चार-पाच वजनांनी शून्य करा.

नमुने खालून वर घ्या, दर पाच सेंटिमीटरला एक. वरून सुरुवात केली तर चुरा खालच्या, अजून न घेतलेल्या थरावर पडतो. दीड मीटरला तीस बाटल्या. दर दहा नमुन्यांमागे एक दुहेरी नमुना आणि एक ब्लँक, म्हणजे अतिशुद्ध पाण्याची बाटली, जी खड्ड्यातच तेवढाच वेळ उघडी ठेवून बंद करायची. ब्लँकमध्ये सोडियम निघालं तर ते तुमच्या मोज्याचं किंवा घामाचं, बर्फाचं नाही, हे नंतर सिद्ध करता येतं. ब्लँकशिवाय आणलेल्या आयनांच्या (बर्फात विरघळलेल्या क्षारांच्या) आकड्यांवर कोणी विश्वास ठेवू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. लिहिणारा माणूस प्रत्येक क्रमांक मोठ्याने वाचतो, आतला दुजोरा देतो. शेवटी जीपीएसची नोंद, फोटो आणि खड्डा पूर्ण बुजवणं. उघडा खड्डा पुढच्या वादळानंतर दिसत नाही आणि त्यात गाडी जाते.

परतीची साखळी

कोणता नमुना गोठलेलाच यायला हवा हे जाण्याआधी ठरवा. पाण्याच्या समस्थानिकांसाठी, म्हणजे त्यातल्या जड-हलक्या अणूंचं प्रमाण मोजण्यासाठी, बर्फ बंद पिशवीत पूर्ण वितळवून, छोट्या बाटलीत काठोकाठ भरून, घट्ट बंद करून आणला तरी चालतो. फ्रीझरची जागा वाचते. त्याला मारक असते ती सैल झाकणातून होणारी वाफ आणि अर्धवट वितळणं. आयन आणि सूक्ष्मजीवांचे नमुने मात्र उणे २० लाच यायला हवेत. प्रत्येक पेटीत तापमान नोंदवणारा छोटा लॉगर टाका, तोही दोन वेगळ्या कोपऱ्यांत.

जहाज विषुववृत्त ओलांडून येतं, तिथे फ्रीझर सांभाळणारी माणसं असतात. साखळी तुटते ती शेवटच्या टप्प्यात: गोव्याहून मराठवाड्यापर्यंतचा रस्ता आणि आपल्या विभागातला फ्रीझर. शीतवाहन आधीच ठरवा, ते एप्रिल-मेच्या उन्हात धावणार आहे हे चालकाला सांगा, सोबत आपला माणूस बसवा. शक्य असेल तर नमुने गोव्यातल्या केंद्राच्या शीतखोलीतच ठेवून तिथेच कापावे आणि वितळलेलं पाणी घेऊन यावं. लॅबच्या फ्रीझरला जनरेटरची जोड आहे का, लोडशेडिंगनंतर जनरेटर आपोआप सुरू होतो की शिपाईकाकांना यावं लागतं, आणि रविवारी ते येतात का, हे नमुने येण्याआधी मुख्य स्विच स्वतः बंद करून तपासा. फ्रीझरच्या दारावर तीन जणांचे फोन नंबर आणि जवळच्या बर्फ कारखान्याचा नंबर लावून ठेवा. मग पेट्या उघडून पहिल्यांदा लॉगरचा आलेख बघा, तो वहीत चिकटवा, आणि त्यानंतरच पहिली बाटली बाहेर काढा.